डीपीच्या पोटातला कागद

बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत एथर कंपनीचा इलेक्ट्रिक स्कूटरचा कारखाना येणार, असं २०२४ मध्ये जाहीर झालं, तेव्हापासून आमच्या परभणीच्या गल्लीत एकच वाद रंगतो. "या गाड्या वाढल्या की लोडशेडिंग परत आलंच म्हणून समजा!"

जरा हिशोब करू. स्कूटर दिवसाला तीसेक किलोमीटर फिरली, तर तिला साधारण एक युनिट वीज लागते. विहिरीवरची पाच एचपीची मोटर आठ तास चालली की तीस युनिट जातात. म्हणजे एका मोटरीच्या दिवसभराच्या विजेत तीस स्कूटरी फिरतात. इतक्या मोटरी रोज चालवणाऱ्या मराठवाड्याने स्कूटरीला काय भ्यायचं? विजेची चिंता नाही. चिंता आहे ती गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डीपीची, म्हणजे घरांना वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची.

१०० केव्हीए क्षमतेची डीपी तिच्या तीन फेजपैकी, म्हणजे वीज वाहणाऱ्या तीन तारांपैकी, एका फेजवर साधारण १३३ अँपिअर देते. इलेक्ट्रिक चारचाकी मोटारीचा ७.२ किलोवॅटचा घरगुती चार्जर एकटाच ३१ अँपिअर ओढतो. चार घरांच्या मोटारी योगायोगाने एकाच फेजवर आल्या, की ती फेज जवळपास भरली. कूलर, एसी, फ्रिज अजून मोजलेच नाहीत. बाकीच्या दोन फेज मात्र आरामात.

पण डीपी लगेच जळत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. डीपीच्या आत तेलात बुडालेली तारेची वेटोळी असतात आणि त्यांच्या थरांमध्ये चक्क कागद असतो. कागद म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या कड्यांची लांबच लांब साखळी. नव्या कागदात एका साखळीत हजारच्या आसपास कड्या असतात. उष्णता, ओल आणि ऑक्सिजन मिळून ती तोडत जातात. कड्या दोनशेवर आल्या की कागद पापडासारखा ठिसूळ होतो. मग एखाद्या शॉर्टसर्किटच्या हिसक्याने तो फाटतो आणि आपण म्हणतो, "काल रात्री डीपी गेली." ती काल गेलेली नसते, कित्येक वर्षं जात असते.

तुटण्याचा वेग मोजायला अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे: वेटोळ्यातल्या सर्वांत तापलेल्या जागी ९८ अंश हा पाया धरायचा, पुढे दर सहा अंशांना झीज दुप्पट. ११० अंशांना चौपट. म्हणजे संध्याकाळचे सहाच तास डीपी ११० वर राहिली, तर कागदाच्या आयुष्यातले चोवीस तास सरले. शिवाय वेटोळ्यात निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दीडपट झाला, तर उष्णता सव्वादोनपट!

तेल मात्र बंबातल्या पाण्यासारखं असतं, सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. संध्याकाळी तापलेली डीपी मध्यरात्रीनंतर थंड होते, आणि कागदाला मिळणारी विश्रांती तीच. मे महिन्यात दिवसा ४२ अंश सोसलेल्या डीपीला तर ती फारच हवी असते. सगळ्या मोटारी रात्री आठला घरी येऊन लगेच चार्जिंगला लागल्या, की कूलर-एसीच्या भारावर हा नवा भार चढतो आणि निवण्याची वेळ पुढे पुढे सरकते.

नवी डीपी बसली की आपल्याकडे नारळ फुटतो. खुशाल फोडा. पण ओल कागदाची वैरीण आहे, आणि नारळ फोडणाऱ्यांपैकी कुणी ब्रीदरमधली, म्हणजे डीपीच्या श्वासनळीतली, ओल शोषणारी सिलिका जेल निळीची गुलाबी झाली का, हे बघत नाही. गाडीला बांधलेल्या लिंबू-मिरचीचा तर डीपीशी काहीच संबंध नाही.

आणखी एक खोच. साधा हीटर व्होल्टेज पडलं की कमी करंट घेतो. चार्जरमधलं इलेक्ट्रॉनिक्स उलटं वागतं: ठरलेली पॉवर मिळवण्यासाठी व्होल्टेज पडताच करंट वाढवतं, त्यामुळे लाइनच्या टोकाच्या घरांत व्होल्टेज आणखी पडतं.

उपाय महाग नाही. चार्जिंगची वेळ बदलायची. स्मार्ट मीटरवाल्या घरांना महावितरण दिवसा ९ ते ५ दरात सवलत देतं, कारण तेव्हा सौर वीज मुबलक असते. खिशाला दुपार बरी. पण मे महिन्यात कागदाला पहाट बरी. मी माझ्या स्कूटरला पहाटे तीनचा टायमर लावलाय. शेजाऱ्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना साडेचारचा लावायला सांगितला. सगळ्यांनी तीनचाच लावला, तर संध्याकाळची गर्दी फक्त पहाटेवर जाईल.