हिमाची ती पाच सुवर्णं नेमकी कुठली?

‘हिमा दासने 19 दिवसांत पाच जागतिक सुवर्णपदकं जिंकली’ हा मेसेज 2019 पासून फिरतोय. पदकं खरी, ‘जागतिक’ मात्र नव्हेत. जुलैत पोलंड आणि चेक प्रजासत्ताकात झालेल्या त्या छोट्या स्पर्धा होत्या. शेवटचं सुवर्ण 400 मीटरचं, वेळ 52.09 सेकंद, दोहाच्या जागतिक स्पर्धेसाठी पात्रता होती 51.80.

तिचं जागतिक सुवर्ण 12 जुलै 2018 चं. फिनलंडमधलं टाम्पेरे, 20 वर्षांखालील जागतिक स्पर्धा, 400 मीटर. शेवटच्या वळणावर ती पुढे नव्हती. सरळ पट्ट्यात एकेकीला मागे टाकत 51.46 मध्ये पहिली आली. ट्रॅकवर जागतिक सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय! कौतुक करायचं तर या शर्यतीचं करा. आजही बघताना अंगावर काटा येतो.