शीळवादक (व्यावसायिक)

ओठांनी सुरात शीळ वाजवून त्यावर पोट भरणारा कलाकार. खासबागेत कुस्ती चितपट झाली की बोटं तोंडात घालून जी शिट्टी पडते ती कोल्हापूरकराला सांगायला नको, पण ती निराळी, तिथं फक्त जोर लागतो. शीळवादक जीभ पुढंमागं सरकवत तोंडातली पोकळी लहानमोठी करतो, पोकळी आवळली की सूर चढतो. साधारण 500 ते 4000 हर्ट्झ, म्हणजे जवळजवळ तीन सप्तकं मिळतात, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) सहज येते, खटका-मुरकी (सुरांची झटपट छोटी वळणं) स्वच्छ काढायला मात्र भरपूर रियाज लागतो.

हा धंदा खऱ्या अर्थानं उभा राहिला तो रेकॉर्डिंगच्या मशीनमुळं. आवाज गोळा करणाऱ्या सुरुवातीच्या कर्ण्याला जाडे, म्हणजे खालचे सूर नीट पकडता यायचे नाहीत, शीळ मात्र ठणठणीत उतरायची. याचा पहिला मोठा लाभ झाला न्यूयॉर्कच्या जॉर्ज डब्ल्यू. जॉन्सनला. जन्म व्हर्जिनियात, गुलामीत, बहुधा 1846 च्या सुमारास (काहीजण नंतरचं साल देतात, पण 1846 जास्त पटतं). फेरीबोटींच्या धक्क्यांवर शीळ वाजवून पैसे मिळवायचा. 1890 मध्ये त्याचं पहिलं रेकॉर्डिंग झालं, ते मेट्रोपॉलिटन कंपनीनं आधी केलं की न्यू जर्सी कंपनीनं यावर अभ्यासकांत वाद आहे, दोन्हींत फार तर काही महिन्यांचं अंतर असावं. एका गाण्याला 20 सेंट. तेव्हा सिलिंडरच्या, म्हणजे ज्यावर आवाज कोरला जायचा त्या मेणाच्या नळकांड्याच्या कॉप्या काढायची सोय जवळपास नव्हतीच, मग तीन-चार मशीनं एकदम लावून समोर उभं राहायचं, तेच गाणं पुन्हा, परत पुन्हा, दिवसभर, आणि शीळवाल्याचे ओठ सुकले की सूर फुटतो हे ज्यानं वाजवलंय त्याला माहीत आहे. त्याच्या सर्वात गाजलेल्या शिळेच्या गाण्याचं नाव काळ्या माणसांना हिणवणारं होतं, तेच त्याला गावं लागलं, ही गोष्ट झाकून ठेवू नये.

1902 च्या सुमाराला साच्यातून सिलिंडर निघायला लागले, तेच गाणं पुन्हा पुन्हा गायची गरज उरली नाही आणि जॉन्सनची मागणी घटली. शेवटी एका गायक मित्राच्या ऑफिसात दारवान म्हणून राहिला, 1914 मध्ये वारला. बायकोच्या खुनासाठी तो फाशी गेला ही दंतकथा अजून फिरते, ती साफ खोटी आहे, 1899 चा खटला चालला पण तो सुटला.

बायकांमध्ये ॲलिस शॉ त्याच काळात युरोपात गाजली. अ‍ॅग्नेस वुडवर्डनं 1909 मध्ये लॉस एंजेलिसला शिळेची शाळाच काढली. पुढं सिनेमात इटलीचा अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनी, एन्नियो मोरिकोनेच्या संगीतात 1964 पासून ऐकू येतो तो हाच.