केबल खोचली की फोन चालू: ही सोय आली कुठून?

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये नवं ऑफिस लागलं की टेबलांवर आयपी फोन, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवरून बोलणारे फोन, मांडतात, केबल खोचतात आणि थोड्याच वेळात स्क्रीनवर एक्स्टेन्शन नंबर येतो. एकेका फोनपाशी बसून कोणी सेटिंग भरत नाही. ते काम रॅकमधला लिनक्स सर्व्हर करतो. ही करामत क्लाउडच्या जमान्यातली वाटते, पण तिचं मूळ 1980च्या दशकातल्या महागड्या हार्ड डिस्कमध्ये आहे.

पैसे वाचवायला तेव्हा डिस्कच नसलेली युनिक्स वर्कस्टेशन वापरत. चालू होताना अशा यंत्राला स्वतःचा इथरनेट पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डावरचा कायमचा क्रमांक, तेवढा ठाऊक. 1984 च्या रार्प या प्रोटोकॉलने, म्हणजे यंत्रांनी आपसात बोलायच्या ठरलेल्या पद्धतीने, त्याला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळू लागला, पण बस्स, तेवढाच. शिवाय ही हाक राउटरपलीकडे पोचत नसे. 1985 मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी हा नवा प्रोटोकॉल आणला. आता आयपीसोबत, चालू होण्यासाठी कुठल्या सर्व्हरवरून कुठली फाइल उचलायची तेही कळू लागलं, आणि हाक पुढे पोचवणाऱ्या रिलेमुळे मधला राउटर आड येईना. फाइल यायची टीएफटीपी या फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने, 512 बाइटच्या तुकड्यांत. ना युजरनेम, ना पासवर्ड.

सर्व्हरवर बूटपटॅब नावाची साधी टेक्स्ट फाइल असे: दर यंत्रामागे एक नोंद, कोलनने तोडलेली. एचपीच्या जेटडायरेक्ट या नेटवर्कला जोडायच्या प्रिंटरसाठी तिच्यात टी144 हा टॅग लिहीत आणि त्यापुढे प्रिंटरच्या सेटिंगच्या फाइलचा पत्ता. खरं वळण मला इथे दिसतं. प्रिंटरचा प्रोग्राम त्याच्या पोटात होताच. सर्व्हरकडून तो मागत होता फक्त सेटिंग. आजचा आयपी फोन वेगळं काय करतो?

मात्र हाताने नोंदी करून नोंदी किती करणार? 1993 मध्ये राल्फ ड्रॉम्स यांच्या डीएचसीपीने आयपी ठरावीक मुदतीसाठी, भाड्याने द्यायला सुरुवात केली. पॅकेटचा साचा बूटपीचाच ठेवला. 99.130.83.99 ही बूटपीच्या काळातली चार आकड्यांची ठरलेली खूण आजही प्रत्येक डीएचसीपी पॅकेटमध्ये सापडते. उत्तरातले क्रमांक दिलेले रकाने म्हणजे ऑप्शन: 66 सर्व्हर सांगतो, 67 फाइल. बरेचसे फोन तर स्वतःच्या मॅक पत्त्याच्या (म्हणजे त्याच इथरनेट पत्त्याच्या) नावाचीच फाइल मागतात.

जुना भाबडेपणाही तसाच वारशाने आला. उत्तर देणारा खरा की खोटा, हे यंत्र तपासतच नाही. सीताबर्डीतून आणलेला वायफाय राउटर कोणी ऑफिसच्या नेटवर्कला उलटा जोडला, की काही फोन त्याच्याकडूनच आयपी घेऊन बसतात. स्विचमधलं डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे अशी परकी उत्तरं अडवणारी सोय, चालू ठेवा म्हणतात ते यासाठीच. सेटिंगवर विश्वास ठेवण्याआधी यंत्राने तिची खात्री करून घ्यायची, अशी पद्धत 2019 च्या एसझेडटीपी (सिक्युअर झीरो टच प्रोव्हिजनिंग) मानकाने घालून दिली. त्यातही सर्व्हर कुठे आहे हे यंत्र डीएचसीपीलाच विचारू शकतं, ऑप्शन 143 मधून.