खाऊची यंत्रे : जपानच्या गेम सेंटरमधील एका खेळाचा इतिहास

आमच्यासोबत जपानच्या सहलीला येणाऱ्या कुटुंबांसाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे. टोकियो किंवा ओसाका येथे मोकळ्या संध्याकाळी मुले हमखास गेम सेंटरमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनात, शिरतात आणि काचेमागे फिरणारा गोळ्या-चॉकलेटांचा ढीग पाहून तेथेच रेंगाळतात. हा खेळ कोठून आला, त्यात बक्षीस म्हणून खाऊच का असतो आणि शंभर येनच्या नाण्याच्या बदल्यात नेमके काय मिळते, हे आधी माहीत असले तर पैसेही बेताने खर्च होतात आणि खेळाची गोडीही वाढते, असा आमचा विश्वास आहे.

खाऊसोबत आणखी काहीतरी मिळण्याची ओढ जपानी मुलांना गेम सेंटर अस्तित्वात येण्यापूर्वीच लागलेली होती. ग्लिको कंपनीचे कॅरमेल १९२२ पासून विकले जाऊ लागले आणि पुढे त्याच्या खोक्यासोबत लहानसे खेळणे देण्याची प्रथा पडली. याच कंपनीने १९३१ मध्ये टोकियोतील डिपार्टमेंट स्टोअरांमध्ये एक नवलाईचे विक्रीयंत्र ठेवले. त्यात दहा सेनचे (सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग) नाणे टाकले की काही क्षण चलचित्र दिसे आणि कॅरमेलच्या खोक्यासोबत दोन सेन परत येत. त्याच वर्षी टोकियोच्या असाकुसा भागातील मात्सुया या स्टोअरच्या गच्चीवर करमणुकीच्या यंत्रांचे दालन सुरू झाले. पुढील अनेक दशके स्टोअरची गच्ची हीच शहरी मुलांची जत्रा होती. नंतर नामको या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीचे संस्थापक मासाया नाकामुरा यांनीही आपल्या व्यवसायाचा आरंभ १९५५ मध्ये योकोहामातील अशाच एका गच्चीवर दोन यांत्रिक घोडे ठेवून केला होता.

दुसरा धागा गल्लीबोळांतील दागाशीच्या दुकानांचा आहे. दागाशी म्हणजे मुलांना स्वतःच्या खाऊच्या पैशांतून घेता येईल असा स्वस्त खाऊ. या दुकानांच्या दाराशी दहा येनवर चालणारी लाकडी चौकटीची यंत्रे असत. त्यांतील सर्वांत लोकप्रिय खेळ वेगवान शिंकान्सेन रेल्वेवर बेतलेला होता. मुलाने टाकलेले दहा येनचे नाणेच त्यात गाडीसारखे धावत असे. बाजूची खिट्टी बोटाने ओढून सोडली की नाणे पुढच्या टप्प्यावर उडे. जोर कमी-जास्त झाला तर ते वाटेतल्या भोकात पडे आणि डाव संपे. शेवटच्या स्थानकापर्यंत नाणे पोहोचले तर एक चिठ्ठी बाहेर येई आणि ती दुकानदाराला दिली की बक्षीस म्हणून खाऊ मिळे. आमच्या मते खाऊच्या यंत्रांचे खरे घराणे हेच आहे, कारण बक्षीस लहान, डाव स्वस्त आणि सारी मदार हाताच्या अंदाजावर, ही तिन्ही लक्षणे येथे प्रथम एकत्र आली. टोकियोच्या इताबाशी भागात अशा जुन्या यंत्रांचे एक संग्रहालय असून तेथे ती आजही खेळता येतात.

पंजाच्या यंत्राचा, म्हणजे यांत्रिक पंजाने बक्षीस उचलण्याच्या खेळाचा, मूळ आराखडा मात्र अमेरिकेतून आला. तेथे १९२० च्या दशकातच जत्रांमध्ये छोट्या क्रेनने वस्तू उचलण्याचे खेळ होते. ओडेसा येथे जन्मलेले मायकेल कोगन यांनी १९५३ मध्ये टोकियोत स्थापन केलेली ताइतो ही कंपनी आरंभी शेंगदाण्यांच्या विक्रीयंत्रांच्या व्यवसायात होती. तिने १९६५ मध्ये ‘क्राउन ६०२’ हे पंजाचे यंत्र बाजारात आणले. त्या काळच्या यंत्रांत वरून वाकून पाहावे लागे आणि आत बहुधा गोळ्या किंवा किरकोळ वस्तू असत. सेगा कंपनीच्या ‘यूएफओ कॅचर’ने १९८५ मध्ये ही मांडणी बदलली. बक्षिसे काचेमागे उभ्या माणसाच्या नजरेसमोर आली आणि रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसू लागली. पुढे या यंत्रांत कापडी बाहुल्यांचे राज्य सुरू झाले.

त्याच १९८५ मध्ये करमणूक-व्यवसायांविषयीचा सुधारित कायदा लागू होऊन गेम सेंटर पोलिसांच्या परवाना-व्यवस्थेखाली आली. खेळाच्या निकालानुसार बक्षीस देण्यास या कायद्यात मनाई आहे. परंतु पंजाच्या आणि तत्सम यंत्रांतून अल्प किमतीची वस्तू दिली तर पोलीस यंत्रणा तिला बक्षीस मानत नाही. ही मर्यादा पूर्वी दोनशे येन होती, टप्प्याटप्प्याने वाढून ती १९९७ मध्ये आठशे झाली आणि मार्च २०२२ पासून सुमारे एक हजार येन आहे. ज्या खेळात बक्षिसाची किंमतच अशी बांधलेली आहे, तेथे खाऊ टिकून राहावा हे स्वाभाविक आहे. खाऊ थोडाथोडा देता येतो, तो साऱ्यांना आवडतो आणि मर्यादेच्या पुष्कळ आत राहतो.

खास खाऊसाठी घडवलेल्या यंत्रांमध्ये नामकोचे १९८८ मधील ‘स्वीट लँड’ सर्वांत महत्त्वाचे म्हटले पाहिजे. त्यात पारदर्शक घुमटाखाली खाऊने भरलेली गोल थाळी संथपणे फिरत असते. बटण दाबले की छोटे फावडे थाळीत उतरते, समोर येईल तो खाऊ भरून घेते आणि दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर तो खालच्या, मागे-पुढे सरकणाऱ्या फळीवर ओतते. फळी मागे जाऊ लागली की तिच्यावरील खाऊ मागच्या भिंतीला अडतो, साऱ्या राशीला पुढे रेटतो आणि कडेवरचा माल खाली पडतो. म्हणून फावडे रिकामे करण्याची योग्य वेळ म्हणजे फळी पूर्ण पुढे आलेली असते तेव्हाची, कारण त्या क्षणी भिंतीलगत मोकळी जागा असते. गेम सेंटरचे चालक कडेवर चॉकलेटच्या खोक्यांचा उंच मनोरा रचून ठेवतात आणि तो आता पडेल, मग पडेल असे सतत वाटत राहते. पण त्याचा भार बराचसा फळीवरच असतो, हे लक्षात ठेवून मगच पुढचे नाणे टाकावे.

एका डावाची किंमत आजही बहुतेक ठिकाणी शंभर येनच आहे. जपानमध्ये एप्रिल १९८९ मध्ये तीन टक्के उपभोग कर लागू झाला आणि ऑक्टोबर २०१९ पर्यंत तो दहा टक्के झाला. पण यंत्र नाण्यावर चालत असल्याने शंभराचे एकशे दहा करणे चालकांना जमले नाही आणि वाढीव कर त्यांना त्याच नाण्यातून भागवावा लागला. खाऊही महागला आहे. १९७९ पासून दहा येनला मिळणारी ‘उमाइबो’ ही मक्याची कुरकुरीत नळी एप्रिल २०२२ मध्ये बारा येनची झाली. तेव्हा एका डावात हाती येणारा मूठभर खाऊ दुकानात बहुधा शंभर येनपेक्षा कमी किमतीत मिळेल, हे मान्य करूनच खेळावे. आपण पैसे खेळाचे देत आहोत, खाऊचे नव्हे, हे मुलांनाही आधीच सांगावे.

सुट्या नाण्यांसाठी प्रत्येक गेम सेंटरमध्ये नाणी देणारे यंत्र असते. त्यात हजार येनच्या नोटा चालतात, म्हणून त्या जवळ ठेवाव्यात. पंजाच्या यंत्रातील बक्षीस अवघड जागी अडकले तर कर्मचाऱ्याला खूण करावी, तो बहुधा सौजन्याने ते सरळ करून देतो. संध्याकाळी सहानंतर सोळा वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय प्रवेश मिळत नाही. रात्री दहानंतर अठरा वर्षांखालील कोणालाही, पालक सोबत असले तरी, आत थांबता येत नाही. प्रांतानुसार नियमांत थोडा फरक असतो, म्हणून दारावरील पाटी आमच्या सहल-प्रमुखांकडून वाचून घ्यावी.

शाकाहारी आणि जैन प्रवाशांनी एक काळजी अवश्य घ्यावी. मऊ गमी आणि मार्शमॅलो यांत बहुधा प्राणिजन्य जिलेटिन असते, तर खारट कुरकुरीत पदार्थांत मांसाचा किंवा माशांचा अर्क असू शकतो. यंत्रातून पडणाऱ्या सुट्या वेष्टनांवर अनेकदा घटकांची यादी नसते, ती मूळ मोठ्या पाकिटावर असते. अशा वेळी मुलांनी जिंकलेला खाऊ लगेच न उघडता पिशवीत ठेवावा आणि हॉटेलवर परतल्यावर सहल-प्रमुखांना दाखवावा. तोच प्रकार जवळच्या दुकानात असेल तर त्याच्या मोठ्या पाकिटावरील घटक पाहून ते आपल्याला सांगतील.