वर्तुळाबाहेरचं गाव : ईतातेची पार्श्वभूमी

जपानमधलं फुकुशिमा दाईइची अणुवीज केंद्र समुद्रकाठी, तर ईताते हे गाव तिथून वायव्येला साधारण ३० ते ४५ किलोमीटरवर, डोंगरात. केंद्र ज्यांच्या हद्दीत होतं त्या ओकुमा आणि फुताबाला अनेक वर्षं अनुदानं, कर आणि नोकऱ्या मिळाल्या. ईताते त्या वाटपात नव्हतं. २०११च्या अणुदुर्घटनेची गोष्ट समजायची तर आधी हे गाव कशावर जगत होतं ते पाहावं लागतं.

१९५६मध्ये दोन गावं जोडून ईताते झालं. अबुकुमाच्या पठारावरचा मुलूख, पाऊण भाग जंगल. ऐन उन्हाळ्यात समुद्रावरून 'यामासे' नावाचा गार वारा सुटतो आणि भाताच्या लोंब्या पोचट राहतात. १९८० आणि १९९३ साली तर पीक हातचं गेलं. नुसत्या भातावर निभाव लागत नाही म्हटल्यावर लोक गुरांकडे आणि फुलशेतीकडे वळले. 'ईताते ग्यू' या नावानं इथलं गोमांस विकलं जाऊ लागलं. आजूबाजूची गावं नगरपालिकांत विलीन होत असताना, २००४मध्ये, ईतातेनं त्या वाटाघाटीतून अंग काढून घेतलं. तेव्हाचे सरपंच नोरिओ कान्नो स्वतः दुग्धव्यावसायिक होते. २०१०मध्ये जपानच्या सुंदर गावांच्या संघटनेतही ईतातेला जागा मिळाली.

मग ११ मार्च २०११चा भूकंप, त्यामागून त्सुनामी, आणि केंद्रातून किरणोत्सार बाहेर पडू लागला. सरकारनं नकाशावर कंपास फिरवला: २० किलोमीटरच्या आत गाव सोडा, ३०पर्यंत घरात बसा. ईतातेचा बहुतेक भाग याच्या बाहेर. त्यामुळे किनाऱ्याकडून पळून आलेल्या हजारावर लोकांना ईतातेनंच आसरा दिला. १५ मार्चला वारा फिरला, केंद्रावरची हवा वायव्येला निघाली आणि संध्याकाळी इथे पाऊस नि बर्फ पडला. हवेतलं सगळं त्यासोबत जमिनीवर उतरलं. ६ वाजून २० मिनिटांनी गावातल्या मापकावर तासाला ४४.७ मायक्रोसिव्हर्टची (शरीराला बसणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचं एकक) नोंद झाली, एरवीच्या शेकडो पट. २० तारखेच्या नळाच्या पाण्यात किलोमागे ९६५ बेक्वेरेल (पदार्थातला किरणोत्सार मोजायचं एकक) किरणोत्सारी आयोडीन सापडलं. मर्यादा ३००ची होती.

किरणोत्सार कोणीकडे पसरेल याचं गणित करणारी संगणक यंत्रणा सरकारकडे होती. तिचा नकाशा लोकांना पाहायला मिळाला २३ मार्चला. ३० मार्चला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं ईतातेत स्थलांतराचा एक निकष ओलांडला गेल्याचं सांगितलं, तरी आदेश निघाला २२ एप्रिलला, आणि त्यातही महिनाभराची मुदत. जवळच्यांना काही तासांत हलवलं. इथली मुलंबाळं मात्र त्याच हवेत आठवडेच्या आठवडे राहिली. माझ्या मते या प्रकरणातलं सर्वात अक्षम्य ते हेच. २०१४मध्ये गावातल्या सुमारे तीन हजार जणांनी, म्हणजे निम्म्या गावानं, भरपाईसाठी वीज कंपनीविरुद्ध एकत्रित दावा केला.

२०११चा जून सरता सरता गाव रिकामं झालं, गोठेही. ज्यांना हलवणंच जास्त धोक्याचं होतं अशा वृद्धाश्रमातल्या रहिवाशांना तेवढं राहू दिलं. कर्मचारी बाहेरून ये-जा करत.

पुढे सफाई म्हणजे शेतातली वरची पाच सेंटिमीटर माती खरवडणं. पिढ्यान् पिढ्या शेणखत घालून कसदार केलेली नेमकी तीच माती. एकेक घनमीटरच्या काळ्या पोत्यांत ती भरली. ईतातेत अशी वीस लाखांवर पोती झाली. जंगल मात्र घरांलगतची पट्टी सोडून तसंच राहिलं, म्हणून रानातल्या अळंब्यांवर अजून बंधनं आहेत. ३१ मार्च २०१७ला नागादोरो ही वाडी वगळता बंदी उठली. परतलेले बहुतेक वयस्कर; आज गावात राहणारे दीड हजाराच्या आसपास, पूर्वी सहा हजार होते.

नागादोरोच्या वाटेवर फाटक लावलं होतं. ही वाडी साफ करायच्या बोलणीत एक गोष्ट जोडीला आली: गावातल्या इतर वाड्यांची खरवडलेली, किलोमागे ५,००० बेक्वेरेलच्या आतली माती इथल्या शेतांत भरायची आणि वर स्वच्छ माती टाकायची. वाडीनं ते मान्य केलं. १ मे २०२३ला नागादोरोच्या एका भागावरची बंदी उठली. वाडीचा मोठा हिस्सा अजून बंदच आहे.