रोपांभोवतीचे तणनियंत्रण (ठाणे व नवी मुंबई)

बागेत, रस्त्याकडेला किंवा टेकडीवर लावलेल्या रोपाच्या बुंध्याभोवतीचे गवत आणि तण ठरावीक अंतरापर्यंत काढून ते पुन्हा माजू न देणे, म्हणजे रोपाभोवतीचे तणनियंत्रण. घाटावर या कामाला निंदणी किंवा खुरपणी म्हणतात, कोकणपट्टीत बेणणी. रोप लावल्यानंतरचे पहिले तीन पावसाळे त्यासाठी सर्वांत महत्त्वाचे असतात. ठाणे-नवी मुंबईत जून-जुलैमध्ये जागोजागी वृक्षारोपण होते, खड्डे खणले जातात, फोटो निघतात. ऑक्टोबरात त्याच जागी कमरेएवढ्या गवतात रोप शोधावे लागते.

नव्या रोपाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे मातीच्या वरच्या वीतभर थरात असतात आणि गवताची मुळेही तिथेच पसरतात. त्यात गवत चपळ आणि रोप संथ. पावसाळ्यात पाण्याची चणचण नसल्याने नुकसान लगेच डोळ्यांवर येत नाही, पण त्या काळात गवत मातीतले नत्र आधी उचलते आणि बुटक्या रोपाचा उजेड अडवते. खरा फटका पाऊस ओसरल्यावर बसतो. ऑक्टोबरच्या उन्हात जमिनीत उरलेली ओल गवत आठ-दहा दिवसांत ओढून घेते. रोपाची पाने कडेने करपू लागली की लोक खत घालतात. ते खतही आधी गवतालाच मिळते.

परिसराची जमीन हे काम आणखी अवघड करते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० साली झाली आणि त्यानंतर वसलेल्या नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या दलदलीवर आणि मिठागरांवर भराव टाकून तयार झाला. वर मुरूम, खाली खारट चिकणमाती, अशा जागी रोपाचे मूळ खोल जायला वेळ घेते आणि वरच्या थरातली स्पर्धा लांबते. येऊर, पारसिक आणि खारघरच्या टेकड्यांवर उलट स्थिती असते. तिथे मातीचा थरच पातळ आणि पाऊस वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर, त्यामुळे उतार उघडा केला की माती पाण्याबरोबर खाली येते.

इथली मुख्य तणे ओळखून काढावी लागतात, कारण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. टाकळा, कुर्डू, केना आणि आघाडा पहिल्या सरींबरोबर उगवतात. टाकळा, कुर्डू आणि आघाडा कोवळेपणी हाताने सहज उपटतात, केन्याचे मात्र तुकडे ओल्या मातीत राहिले तर पुन्हा रुजतात. टाकळा, कुर्डू आणि केन्याची कोवळी पाने रानभाजी म्हणून आदिवासी बायका बाजारात विकायला आणतात. मात्र रहदारीच्या रस्त्याकडेची पाने खाण्यात घेऊ नयेत. गाजरगवत भारतात १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आले. त्याच्या एका झाडाला हजारो बिया धरतात आणि स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, म्हणून ते हातमोजे घालून आणि फुलण्याआधीच मुळासकट काढावे. घाणेरी आणि रानमोडी टेकड्यांवर जास्त. दुभाजकांवर आणि सोसायट्यांत शोभेसाठी लावलेली पिवळ्या फुलांची वेडेलियासुद्धा रोपाच्या आळ्यात शिरली की तणच समजावी.

सर्वांत चिवट दोन, हराळी आणि लव्हाळा. हराळी म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वा. तिची जमिनीवर धावणारी आणि जमिनीखालची अशी दोन्ही प्रकारची खोडे पेरापेराला मूळ धरतात. लव्हाळ्याची पात ओढली तर ती टचकन हातात येते आणि काम झाल्यासारखे वाटते. खाली मात्र काळपट गाठींची माळ तशीच असते आणि आठवड्याभरात नवी हिरवी सुई वर येते. यावर घाई चालत नाही. मातीला वाफसा आल्यावर, म्हणजे ती हाताला चिकटत नाही आणि ढेकूळही धरत नाही अशा वेळी, खुरप्याने सैल करून गाठी वेचून काढाव्या लागतात. उरलेल्या गाठींना दर दोन-तीन आठवड्यांनी पात खुडून उपाशी ठेवावे लागते. एका हंगामात लव्हाळा संपत नाही, पण दुसऱ्या वर्षी थकलेला दिसतो.

काढायचे किती, याचे उत्तर सोपे आहे: पहिल्या वर्षी बुंध्यापासून चहूबाजूंनी हातभर, म्हणजे साधारण अर्धा मीटर, आणि पुढे झाड वाढेल तसे मीटरभर. सगळी जागा तासून लालभडक करणे हे कष्टाचे काम आहे आणि घातकही. वर्तुळाबाहेरचे गवत माती धरून ठेवते. तिथे ते फुलण्याआधी विळ्याने घोट्याएवढे कापले तरी पुरते, आणि कापलेले गवत बी धरलेले नसेल तर आळ्यातच पसरावे. खुरपणीही वरवर, बोटभर खोलीचीच करावी. खोल खुरपे मारले की तणाबरोबर रोपाची मुळे तुटतात.

मोकळी माती आठ दिवसांत पुन्हा हिरवी होते, म्हणून खुरपणीपाठोपाठ आच्छादन हवे. सात ते दहा सेंटिमीटर जाडीचा पालापाचोळ्याचा, भाताच्या पेंढ्याचा किंवा नारळाच्या काथ्याचा थर उजेड अडवतो, ओल धरतो आणि कुजून माती सुधारतो. इथल्या रस्त्यांवर पर्जन्यवृक्ष आणि सोनमोहोर भरपूर आहेत. त्यांची बारीक पाने झाडून पोत्यांत भरून कचऱ्यात जातात, हे पाहून वाईट वाटते, कारण याहून चांगले आच्छादन विकत मिळत नाही. खाली पुठ्ठा किंवा वर्तमानपत्राचे सात-आठ पदर भिजवून अंथरले तर हराळीही बरीच दबते. लव्हाळा मात्र कागद भोसकून वर येतो. ताजा लाकडी भुसा मातीत मिसळू नये, तो कुजताना नत्र ओढतो. आणि बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी. पाचोळ्याचा ढीग खोडाला टेकला की मुंबईच्या दमटपणात साल कुजते. पावसाळ्यात आळ्याची कड एका बाजूने फोडून साचलेले पाणी काढून द्यावे आणि ऑक्टोबरात कड पुन्हा बांधावी.

या भागात गवतापेक्षा गवत कापण्याच्या यंत्राने मेलेली रोपे पुष्कळ दिसतात. सोसायटीच्या हिरवळीत लावलेल्या बकुळीच्या किंवा ताम्हणाच्या बुंध्याशी वाकून पाहावे: जमिनीपासून तीन-चार बोटांवर सालीला फिकट खाचा असतात, काही ओल्या, काही डिंक धरलेल्या. यंत्राच्या फिरत्या नायलॉन दोरीचा हा मार. सालीच्या आतल्या थरातून पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाते. हा थर चहूबाजूंनी कापला गेला की मुळे उपाशी पडतात. वरची पाने काही महिने हिरवी राहतात, म्हणून झाड उन्हाळ्यात वाळते तेव्हा दोष पाण्याला दिला जातो. बुंध्याजवळ यंत्र न नेता हाताने गवत काढावे, हा नियम माळीकाकांना एकदा झाडाजवळ बसून, खाच दाखवून सांगितला की ते तो मनापासून पाळतात.

तणनाशकाचा मोह टाळावा. ग्लायफोसेट हे तणनाशक हिरव्या कोवळ्या सालीतून आणि पानांतून रोपातही शिरते. केंद्र सरकारने २०२२ साली त्याचा वापर कीडनियंत्रणाचे काम करणाऱ्या परवानाधारकांपुरता मर्यादित करण्याचा आदेश काढला. घरगुती उपाय म्हणून मीठ टाकणे त्याहून वाईट, कारण खाडीकाठच्या जमिनीत ते आधीच जास्त असते.

शहरी झाडांच्या बाबतीत काही जण तणाचा प्रश्न खोडापर्यंत काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक घालून सोडवतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील प्रकरणात झाडांभोवतीच्या एक मीटर अंतरातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, कारण मुळांना हवा आणि पाणी दोन्ही लागते. लोखंडी जाळीतल्या रोपांची अडचण वेगळी आहे. आत हात जात नाही, मग वेल जाळीवर चढून रोपाला वरून झाकून टाकतो. जाळीचा खालचा भाग उघडता येईल असा असावा.

टेकड्यांवर दिवाळीनंतर गवत वाळते आणि वणव्याची भीती सुरू होते. तिथे नोव्हेंबरातच प्रत्येक रोपाभोवतीचे वर्तुळ स्वच्छ करून वाळलेले आच्छादन काढून टाकतात आणि लागवडीच्या कडेने जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत हटवलेली मोकळी पट्टी, काढतात. करंज, ताम्हण यांसारखी झाडे तिसऱ्या-चौथ्या वर्षी स्वतःच्या सावलीने गवत मागे हटवू लागतात. बकुळ सावकाश वाढते, तिच्या बुंध्याशी खुरपे आणखी दोन पावसाळे लागते.