गोव्याच्या सुंची रीफवर बुडालेलं जहाज: थोडी पार्श्वभूमी

पाण्याखाली जुनं जहाज सापडलं म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर डोलकाठीसकट अख्खं जहाज येतं, सिनेमातलं. सुंची रीफवर तसलं काही नाही. मुरगावजवळच्या समुद्रातला हा उथळ खडक, पावसाळाभर त्यावर लाटा आपटतात, शिवाय आपल्या गरम समुद्रात टेरेडो नावाचा किड्यासारखा जीव उघडं लाकूड पोखरून संपवतो. त्यामुळे दोना पावलाच्या एनआयओचे (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे) डायव्हर्स तिथे उतरले तेव्हा हाती लागलं ते लाकूड सोडून बाकीचं, तेही खडकांच्या फटीत विखुरलेलं. लोखंडी तोफा, नांगर, घडीव ग्रॅनाइटचे चिरे, विटा, काचेच्या बाटल्यांचे बूड, चिनी भांड्यांचे तुकडे... आणि हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात.

मला विचाराल तर सगळी गोष्ट त्या दातांतच आहे. पाणघोडा आपल्याकडे नसतोच, म्हणजे हा माल आफ्रिकेचा. १५१० ला पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कने गोवा घेतलं आणि मग लिस्बनहून दरवर्षी निघणारी जहाजं गोव्याला यायला लागली, मार्च-एप्रिलला निघायचं, आफ्रिकेला वळसा घालायचा, मोझांबिकला थांबायचं आणि नैऋत्येच्या वाऱ्यावर साधारण सप्टेंबरात गोवा गाठायचं, तेही वाटेत काही झालं नाही तर. आफ्रिकेचा हस्तिदंत इकडे हातोहात खपायचा, गुजरातेत बांगड्या व्हायच्या आणि गोव्यात चर्चसाठी संतांच्या मूर्ती. हे जहाज सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं, पोर्तुगीज असावं असं अभ्यासक मानतात.

पण त्याच ढिगाऱ्यात मर्तबानी रांजणांचे तुकडेही आहेत, मर्तबान म्हणजे ब्रह्मदेशातलं बंदर (हिंदीत बरणीला मर्तबान म्हणतात तो शब्द यावरूनच आला असं सांगतात). म्हणून जहाज पूर्वेकडून येत होतं म्हणायची घाई नको, असे रांजण पाणी, तेल भरायला सगळीकडच्या जहाजांवर असायचे. चिऱ्यांचंही तसंच. गोव्यात जांभा भरपूर, पण मोठ्या चर्चना वेगळा दगड बाहेरून यायचा, जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भागाला तर आपल्या वसईकडचा बेसॉल्ट आहे. सुंचीचे चिरे बांधकामाला निघाले होते की जहाजाला वजन म्हणून तळाशी भरले होते, दोन्ही शक्य आहे.

जवळच सेंट जॉर्ज रीफवरही एका जहाजाचा माल पडलाय, पण तो बराच नंतरचा, एकोणिसाव्या शतकातला. तिथे निघाली चक्क मंगलोरी कौलं! कोकणात अर्ध्या घरांवर असायची तीच, बासेल मिशन या स्विस ख्रिस्ती संस्थेच्या शिक्क्याची. शिक्क्यात १८६५ आहे म्हणून जहाज १८६५ ला बुडालं असं धरू नका, ते मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचं वर्ष आहे. कौल त्यानंतर कधीही भाजलेलं असू शकतं.